माळ्यावरचे स्पूल खाली काढा

स्पूलवर चालणाऱ्या टेपरेकॉर्डरला पुन्हा चांगले दिवस आले आहेत. रिव्हॉक्स या मूळच्या स्विस कंपनीचं बी-७७ हे यंत्र १९७७ सालचं. त्याचं उत्पादन थांबून कैक वर्षं झाल्यावर कंपनीनं अलीकडे त्याची नवी आवृत्ती बाजारात आणली. तिच्या किमतीत आपल्याकडे चारचाकी गाडी येईल. जर्मनीतल्या बालफिंगर कंपनीनं तर मुळापासून नवं यंत्र घडवलं. फ्रान्समध्ये आणि अमेरिकेत कोरी टेप तयार होते आहे. जुने गाजलेले अल्बम स्पूलवर उतरवून शेकडो डॉलरला विकले जातात आणि लोक ते हौसेनं घेतात.

या हौसेमागं भक्कम कारण आहे. कॅसेटची टेप सुमारे ३.८ मिलिमीटर रुंद असते आणि सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर सरकते. स्टुडिओतली टेप ६.३ मिलिमीटर रुंद, आणि धावते सेकंदाला ३८ सेंटिमीटर, म्हणजे आठपट वेगानं. आवाजाला उमटायला ऐसपैस जागा मिळते, मागची फुसफुस दबते, तंबोऱ्याचा झंकार शाबूत राहतो. अर्थात टेपही भराभर संपते. साडेदहा इंची स्पूलवरची अडीच हजार फूट टेप ३३ मिनिटांत दुसऱ्या चकतीवर जाऊन बसते. घरगुती यंत्रांचा वेग कमी असे, सेकंदाला १९ नाहीतर साडेनऊ सेंटिमीटर. साडेनऊच्या वेगाला सात इंची स्पूलची बाराशे फूट टेप एका बाजूला तासाभराहून थोडी जास्त पुरायची. त्याआधीच्या ७८ फेऱ्यांच्या तबकडीत एका बाजूला जेमतेम साडेतीन मिनिटं मावत. त्या साडेतीन मिनिटांत गाणं बसवता येई, कीर्तन बसत नसे. टेप आली आणि माणूस न थांबता बोलू लागला, गाऊ लागला.

वऱ्हाडाला याचं मोल कोणी सांगायला नको. गाडगेबाबांचं शेवटचं कीर्तन १९५६ च्या नोव्हेंबरात मुंबईत, वांद्र्याला पोलिसांसमोर झालं. पुढच्याच महिन्यात, २० डिसेंबरला, वलगावजवळ बाबांनी देह ठेवला. त्या कीर्तनाचं ध्वनिमुद्रण झालं म्हणून बाबांचा आवाज आज आपल्यापाशी आहे. बाबांची कीर्तनं कागदावरही आली आहेत, ती मी वाचली आहेत. पण वाचताना कळत नाही की प्रश्न विचारून बाबा किती वेळ थांबतात, लोकांचं उत्तर आल्यावर त्यावर कसे झेपावतात, आवाज कुठं चढतो, कुठं दटावतो, कुठं मायेवर येतो. शेंडगावात जन्मलेल्या, दापुऱ्याला मामाच्या घरी गुरं राखून वाढलेल्या माणसाची बोली कशी होती, हे शाईतून कळायला मार्गच नाही. ते ध्वनिमुद्रण झालं नसतं तर आपल्याकडे बाबांचे फोटो असते, पुतळे असते, विद्यापीठाला दिलेलं नाव असतं आणि आवाज नसता.

मूर्तिजापूरला १९२० साली जन्मलेल्या वसंतराव देशपांड्यांचंही असंच. त्यांचं मैफिलीतलं गाणं पुष्कळसं टिकलं ते रसिकांनी खासगी बैठकींत यंत्र लावून बसल्यामुळं. मोठी माणसं, मोठी शहरं. तिथं यंत्र पोचलं आणि जपणारेही भेटले. मला बोलायचं आहे ते आमच्या हिवरखेडासारख्या गावांबद्दल.

सातपुड्याच्या पायथ्याचं हे गाव. इथं राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या खंजिरी भजनांचा नाद पूर्वीपासूनचा. महाराजांचा स्वतःचा आवाज ध्वनिमुद्रणांतून ऐकता येतो. पण ज्या गावकऱ्यांनी दिवसभर कपाशीत खपून रात्री ती भजनं म्हटली, त्यांचा आवाज कुठं आहे? एखाद्या कापूस व्यापाऱ्यानं हौसेनं स्पूलचा टेप आणायचा, भजनाला तो पाटावर ठेवायचा, शेजारी कंदील आणि भोवती पोरांचा गराडा. त्या यंत्रात जे उमटलं ते तेवढंच. त्याची दुसरी प्रत नाही, आणि गावाबाहेरच्या कुठल्या संग्रहात ते असण्याचा संभव नाही.

असे काही स्पूल भजनी मंडळाच्या पेटीत होते. ते वाजवायला यंत्र नव्हतं. रबरी पट्टे वितळून डांबरासारखे चिकटलेलं एक जुनं यंत्र मिळालं. अकोल्याच्या एका कारागिरानं ते खोलून साफ केलं, वाळून दगड झालेलं ग्रीस काढलं, टेपला दाबून धरणारा रबरी रोलर बदलला. आणि आवाज आला. भजन छान आहेच. मी मात्र दोन भजनांच्या मधल्या जागा पुन्हा पुन्हा ऐकतो. कोणी पेटीवाल्याला विचारतं, ‘काऊन गा, टाय काऊन थांबला?’ कोणी आत हाक देतं, ‘पानी आन वं.’ एका ठिकाणी वाफेच्या इंजिनाची शिटी आहे. अकोला-खंडवा मीटरगेज गावाला लागून होती; २०१७ पासून ती बंद. ही शिटी टेपवर घ्यावी असं तेव्हा कोणाच्या मनातही आलं नसेल. मला तर शाळेचं आणि टीव्हीचं वळण लागण्याआधीची वऱ्हाडी, जाणत्या माणसांची, न लाजता बोललेली, इतकी सलग दुसरीकडं कुठं ऐकायला मिळालेली नाही.

बऱ्याच टेपा मात्र गेल्याच. कोरी टेप महाग, म्हणून जुन्यावरच नवं भरलं गेलं. लग्नावर बारसं, बारशावर रेडिओवरची गाणी.

युनेस्कोनं ध्वनिसंग्रह सांभाळणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेबरोबर २०१९ साली चुंबकीय टेपांविषयी धोक्याची घंटा वाजवली होती. २०२५ च्या सुमारास टेपा असतील, पण त्या वाजवणारी यंत्रं, सुटे भाग आणि जाणकार हात उरणार नाहीत, असा त्या क्षेत्रातल्या लोकांचा अंदाज होता. ती मुदत आता उलटली. तरी पट्टे मिळतात, रोलर मिळतात, घासलेली हेड पुन्हा समतल करून देणारे सापडतात. याचं बरंचसं श्रेय मी स्पूलवर अल्बम घेणाऱ्या हौशी मंडळींना देतो. त्यांना हवं ते संगीत वेगळं असेल. त्यांच्या मागणीमुळं आमचा पेटीतला स्पूलही वाजू शकतो. उलट बाजूही आहे: जुन्या यंत्रांचे भाव चढले, आणि गावच्या मंडळाला, लहान ग्रंथालयाला ती परवडेनाशी झाली. म्हणून मला वाटतं, प्रत्येक गावानं यंत्र शोधत बसू नये. जिल्ह्याला एक नीट दुरुस्त केलेलं यंत्र आणि ते चालवणारा एक शिकलेला माणूस, एवढं एखाद्या महाविद्यालयानं किंवा जिल्हा ग्रंथालयानं केलं तर शेकडो गावांचं काम होईल.

तोवर आपल्या हाती आहे ते करावं. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. टिनाखालचा माळा ही टेपेसाठी सगळ्यात वाईट जागा. स्पूल खाली आणा, डब्यासकट उभे ठेवा, घरातल्या थंड, कोरड्या खोलीत. उत्साहानं लगेच वाजवू नका. स्पूल उजेडासमोर धरून पाहा. टेपेच्या थरांतून उजेड आरपार दिसला तर ती बहुधा जुनी ॲसिटेटची. वाळून ठिसूळ झालेली असते, झटक्यात तुटते. व्हिनेगरसारखा आंबूस वास आला तर तिला इतरांपासून वेगळं करा आणि तिचं काम आधी घ्या. सत्तर-ऐंशीच्या दशकांतल्या काही टेपांचा चिकटा हवेतला ओलावा पिऊन सुटतो आणि हेडवर बसतो. त्या ठरावीक मंद आचेवर तासन् तास ठेवून तात्पुरत्या वाजवण्याजोग्या करतात, पण ते जाणकाराचंच काम, आणि ॲसिटेटच्या टेपेला ती ऊब कधीच द्यायची नसते. संगणकावर उतरवताना फाईल एमपी-३ करू नका. ९६ किलोहर्ट्झ, २४ बिट ही संग्रहालयांची रीत आपणही पाळू शकतो. आणि उतरवून झाल्यावर मूळ स्पूल फेकू नका.

उतरवताना जवळ गावातलं जुनं माणूस हवं. आमच्याकडे एका आजीनं नुसत्या खोकल्यावरून गाणारा ओळखला. कोण गातं, पेटीवर कोण, कोणाच्या ओसरीत, साधारण कोणतं साल, हे तिथल्या तिथं लिहून घ्यायचं. मंडळाच्या पेटीतले उरलेले स्पूल आम्ही दिवाळीनंतर लगेच घेणार आहोत, ऊन तापायच्या आत. हिवरखेड, अडगाव, तेल्हारा, अकोट, कुठल्याही घरी असा डबा असेल तर तो घेऊन या, आणि सोबत तो आवाज ओळखणारं माणूसही आणा.