पीएच.डी. झाली, पण पोस्टडॉकचं दार वयाआधी गाठा

तालुक्यातले विज्ञानाचे अनेक पीएच.डी.धारक तासिका तत्त्वावर शिकवत प्राध्यापक भरतीची वाट बघतात. भरती लांबते, आणि तेवढ्यात दुसरं दारही बंद होत जातं. केंद्राच्या नॅशनल पोस्ट डॉक्टरल फेलोशिपला वयाची अट ३५ वर्षांची आहे. महिला, एससी, एसटी, ओबीसी आणि दिव्यांगांना ५ वर्षांची सूट मिळते.

दुसरा मार्ग विद्यापीठातल्या प्रकल्पांचा. केंद्राच्या दरानुसार रिसर्च असोसिएटला १ जानेवारी २०२३ पासून दरमहा ५८ ते ६७ हजार रुपये, वर घरभाडे. प्रकल्प संपला की नोकरीही संपते, हे खरं. पण हातात शोधनिबंध राहतात, ओळखी राहतात.

अडचण अशी की या जागा भरतीच्या मोठ्या जाहिरातीत दिसत नाहीत. विभागाच्या वेबसाइटवर छोटी सूचना लागते, मुदतही थोडी असते. फेलोशिपसाठी तर अर्जाआधीच मार्गदर्शकाची संमती लागते. म्हणजे पहिलं पाऊल आपणच टाकायचं: त्यांचं काम वाचून, आपण काय करू शकतो ते नेमकं लिहून ई-मेल करायचा. पन्नास जणांना एकच मजकूर धाडला तर उत्तर येत नाही.

शहरातल्या मुलांना हे सीनियर सांगतात. आपल्याकडे ते काम कॉलेजांनी करायला हवं, तेही प्रबंध जमा होण्याआधीच.