सातपुड्यात जायचे तर

दिवाळी उलटून हवेत गारवा आला की जळगाव-धुळ्याच्या सुस्थितीतील घरांतून वन्यप्राणी पाहावयास जाण्याचे बेत सुरू होतात. बेत बहुधा एकाच ठशाचा असतो. ताडोबा, नाही तर मेळघाट. उघड्या जीपचे आरक्षण, मुक्कामाचे हॉटेल, आणि मग पहाटेच्या थंडीत वाघाची वाट पाहणे. वाघ दिसला तर खर्च कारणी लागला, न दिसला तर बुडाला, असा रोखठोक हिशेब. ज्याला वाघ पाहावासा वाटतो त्याने तो अवश्य पाहावा. त्यात गैर काही नाही. परंतु गच्चीवर उभे राहिले की उत्तरेस ज्याची निळी रांग दिसते, त्या सातपुड्यात काय आहे याची साधी विचारपूसही न करता माणसे सबंध विदर्भ ओलांडून जातात, हे मात्र चमत्कारिक आहे. आणि ज्या थोड्यांची पावले सातपुड्याकडे वळतात, त्यांतील बहुतेकांना तेथे जंगल दिसते, प्राणी दिसतात, माणसे दिसत नाहीत. पुढील विवेचन मुख्यतः या दुसऱ्या गोष्टीविषयी आहे.

खानदेशाच्या पदरात काय आहे ते आधी पाहू. यावल अभयारण्य १९६९ साली घोषित झाले, म्हणजे आजचा वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ साली येण्यापूर्वीच. सुमारे १७७ चौरस किलोमीटरचे हे अभयारण्य मध्य प्रदेशाच्या सरहद्दीला लागून आहे. साग, अंजन, सालई, धावडा, तेंदू ही येथली झाडे. बिबट्या, अस्वल, तरस, सांबर, चौसिंगा ही जनावरे. शिरपूर तालुक्यातील अनेर धरणाचे अभयारण्य १९८६ सालचे. तापीवरील हतनूरच्या जलाशयावर हिवाळ्यात चक्रवाकांचे आणि परदेशी बदकांचे थवे उतरतात. तेथून तापी-पूर्णेचा संगम आणि चांगदेवाचे देऊळ जवळच. मुक्ताईनगरच्या रानात वाघाचा वावर असल्याने तेथे मुक्ताई-भवानी संवर्धन राखीव क्षेत्र झाले आहे. दक्षिणेस चाळीसगावच्या अंगाला गौताळा-औट्रमघाट अभयारण्य आहे. यातील औट्रम म्हणजे १८२५ साली खानदेशात भिल्लांची पलटण उभारणारा इंग्रज अधिकारी. त्याच्या चरित्रात दीडशेहून अधिक वाघांच्या शिकारीची नोंद आहे. प्राण्यांना अभय देणाऱ्या अरण्याला एवढ्या नामांकित शिकाऱ्याचे नाव कायम ठेवण्याचा उदारपणा आपल्या सरकारलाच सुचू शकतो!

परंतु खानदेशाचे खरे वैभव वाघ नव्हे, बिबट्याही नव्हे. ते वीतभर उंचीचे घुबड आहे. रानपिंगळा हे त्याचे नाव. गावाकडे चिंचेच्या ढोलीत राहणारा नेहमीचा पिंगळा सर्वांच्या ओळखीचा. रानपिंगळ्याच्या डोक्यावर त्याच्यासारखे ठळक ठिपके नसतात, छातीवर गडद तपकिरी रंग असतो आणि पोट पांढरे असते. १८७३ साली ह्यूम या इंग्रज पक्षिशास्त्रज्ञाने त्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले. काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारा ह्यूम तो हाच. त्यानंतर डेव्हिडसन नावाच्या खानदेशातील मुलकी अधिकाऱ्याने पश्चिम खानदेशात काही पक्षी टिपले. १८८४ नंतर मात्र पक्षी नाहीसा झाला तो झालाच. जगातील सर्व संग्रहालयांत मिळून अवघे सात नमुने, एवढाच त्याचा पुरावा उरला. मधल्या काळात माइनर्टझहागेन या इंग्रज कर्नलाने १९१४ साली गुजरातेत मांडवी येथे आपण हा पक्षी मिळविल्याचे सांगितले आणि शोध घेणारे त्या नोंदीवर विसंबून राहिले. पुढे पामेला रासमुसेन या अमेरिकन विदुषीने तो नमुना तपासला, तेव्हा तो डेव्हिडसनचाच पक्षी असल्याचे उघड झाले. संग्रहालयातून चोरून, नवी चिठ्ठी लावून तो परत ठेवलेला होता. खोटी नोंद बाजूला सारून रासमुसेन आणि त्यांचे दोन सहकारी जुन्या खऱ्या ठिकाणांचा माग घेत आले, आणि २५ नोव्हेंबर १९९७ रोजी सकाळी शहाद्याजवळच्या रानात रानपिंगळा निष्पर्ण झाडाच्या फांदीवर उन्हात बसलेला त्यांना दिसला. शहादे त्या वेळी धुळे जिल्ह्यात होते. नंदुरबार जिल्हा झाला तो त्यानंतरच्या वर्षी.

एकशे तेरा वर्षांनी पक्षी ‘सापडला’, असे जगभरच्या वृत्तपत्रांनी लिहिले. हरवला होता तो कोणाला, हा प्रश्न मात्र विचारण्यासारखा आहे. हे घुबड इतर घुबडांप्रमाणे रात्रीचे नव्हे. ते दिवसाढवळ्या उघड्या फांदीवर बसते आणि सरडे, उंदीर टिपते. त्याच झाडाखालून रोज गुरे हाकणाऱ्या पावरा आणि भिल्ल गुराख्याच्या नजरेस ते शंभर वर्षांत कधी पडलेच नसेल, असे मानणे कठीण आहे. संग्रहालयांना त्याचा पत्ता नव्हता एवढेच.

सहलीचा बेत आखणाऱ्याने येथून सुरुवात करावी. प्रथम प्रश्न ऋतूचा. पावसाळ्यात सातपुडा देखणा असतो हे खरे. पण तेव्हा नाले अचानक भरतात, वाटा बंद होतात, गर्द पाल्यात पाच हातांवरचे जनावर दिसत नाही, आणि पाड्यावरचा प्रत्येक हात पेरणी-निंदणीत गुंतलेला असतो. रानपिंगळा पाहायचा तर साग पाने गाळू लागल्यावर, हिवाळ्याच्या उत्तरार्धात जावे. हतनूरचे पक्षी पाहायचे तर डिसेंबर-जानेवारीत. पक्षितज्ज्ञ हेच सांगतील आणि ते बरोबरच आहे.

मात्र याच महिन्यांत सातपुड्यात आणखी एक स्थलांतर घडते, ते कोणत्याही पक्षिसूचीत नाही. दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेऊन धुळे-नंदुरबारच्या पाड्यांवरची तरुण जोडपी गुजरातेत बारडोलीकडे ऊस तोडावयास जातात. नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’, अशी त्यांची मोजदाद. पोरे बरोबर, शाळा मागे. अनेक जण रावेर-यावलच्या केळीच्या बागांत मजुरीला उतरतात. चक्रवाक मध्य आशियातून हतनूरवर येतो तेव्हा सातपुड्याचा तरुण आपले घर सोडून बाहेर पडलेला असतो. शहरातून आलेल्या पाहुण्यांना पाड्यावर भेटतात ती म्हातारी माणसे आणि लहान मुले. मग ‘येथील लोकांना जंगलाची काही माहितीच नाही’, असा शेरा मारून पाहुणे परत जातात. ज्याला माहिती होती तो उसाच्या फडात आहे, हे त्यांना कोण सांगणार?

तेव्हा सहलीच्या हिशेबातील कळीची बाब ही की, रुपया कोठे उतरतो? आज तो पेट्रोलपंपावर, हमरस्त्यावरच्या ढाब्यावर आणि शहरातील गाडीमालकाकडे उतरतो. पाड्यापर्यंत फारसे काही पोचत नाही. वाटाड्याची रोजी, दोन वेळच्या भाकरी-भाजीचे पैसे, मुक्कामाची जागा, एवढे जरी ग्रामसभेच्या हाती आले, तरी सबंध पाड्याचे स्थलांतर थांबेल असे समजणे भाबडेपणाचे होईल. पण चार-सहा तरुणांना उचल न घेता हिवाळा घरी काढता येईल. रानपिंगळ्याची ढोली कोणत्या झाडात आहे हे ज्याला ठाऊक आहे, त्याला त्या माहितीची मजुरी मिळू लागली की ते झाड टिकण्यातही त्याचा सरळ हितसंबंध तयार होतो.

यासाठी कायद्याचा आधारही आहे, आणि तो कार्यकर्त्यांनी नीट वाचला पाहिजे. २००६ सालच्या वनहक्क कायद्याने केवळ कसणाऱ्याला जमिनीचा पट्टा दिलेला नाही. गावाच्या परंपरागत वनक्षेत्राचे रक्षण आणि व्यवस्थापन करण्याचा सामूहिक हक्कही दिला आहे, आणि तो अभयारण्यांनाही लागू आहे. गडचिरोलीतील मेंढा-लेखा गावाने हा हक्क पदरात पाडून घेतला, त्यालाही आता बराच काळ लोटला. खानदेशातील चळवळीची शक्ती मात्र स्वाभाविकपणेच वैयक्तिक दाव्यांमागे अधिक खर्च झाली. ज्याच्या डोक्यावर बेदखलीची टांगती तलवार होती, त्याला आधी स्वतःचा पट्टा हवा होता, हे समजण्यासारखे आहे. पण सामूहिक हक्क मिळाल्यावाचून ग्रामसभा ही जंगलखात्याच्या फाटकावरील याचकच राहते. आणि तसे झाले तर उद्या पर्यटनाचा पैसा आलाच, तर तो कोण्या ठेकेदाराच्या तंबूत जाईल.

येथे एक अप्रिय गोष्टही बोलली पाहिजे. वनहक्क कायद्याने वैयक्तिक पट्ट्यासाठी १३ डिसेंबर २००५ ही मर्यादा घातली आहे. त्यानंतरही यावलच्या आणि शेजारच्या रानांत नवी नवाड पडत राहिली, उभी झाडे आडवी झाली. ‘आज तोडा, उद्या पट्टा मिळेल’, असे सांगणारे दलाल जागोजाग आहेत, आणि सरहद्दीपलीकडे लाकूड नेणारे व्यापारीही आहेत. आदिवासींच्या बाजूने उभे राहणाऱ्यांनी या प्रकाराकडे डोळेझाक करणे म्हणजे आदिवासींशीच प्रतारणा होय. रानपिंगळ्याचा मुख्य शत्रू हाच, असे त्याच्या अभ्यासकांचेही म्हणणे आहे. त्याला घरट्यासाठी ढोली असलेली मोठी झाडे लागतात आणि ती एका पावसाळ्यात वाढत नाहीत. अर्थात याचा दोष केवळ भुकेल्या माणसाच्या माथी मारून शहरातल्या निसर्गप्रेमींना हात झटकता येणार नाहीत. सातपुड्याच्या उतारावर मुरणारे पाणी पायथ्याच्या खोल गाळात साठते; त्याच पाण्यावर रावेर-यावलची केळी उभी आहे, आणि विहिरींची पातळी वर्षानुवर्षे खाली जात आहे. डोंगर राखण्याचा मोबदला केळीच्या गाडीतून कोणी डोंगरावर परत पाठविला आहे काय?

सहल काढणाऱ्यांसाठी आता काही व्यवहाराच्या सूचना. संख्या दहा-बाराच्या वर नसावी. जळगावहून फैजपूर, खिरोदा या मार्गाने पालला जावे. १९३६ साली काँग्रेसचे ग्रामीण भागातील पहिले अधिवेशन झाले ते फैजपूर याच वाटेवर आहे, आणि त्यासाठी साने गुरुजी गावोगाव हिंडले होते, हे तरुणांना सांगण्यासारखे आहे. धुळ्याकडच्यांनी शिरपूरवरून अनेर गाठावे. जंगलखात्याची परवानगी आधीच काढावी. वनरक्षकाला टाळून आत शिरण्यात कोणताही पुरुषार्थ नाही. एकट्यादुकट्यावर शेकडो हेक्टर सांभाळण्याचा बोजा असलेला तोही कष्टकरीच आहे. त्याच वेळी पाड्याच्या ग्रामसभेला पत्र पाठवावे, किती माणसे येणार, किती दिवस राहणार, वाटाड्याला काय रोजी देणार, हे त्यात स्पष्ट लिहावे, आणि रोजी शेतमजुरीपेक्षा कमी असू नये. शिधा शहरातून बांधून नेऊ नये; ज्वारी-मक्याची भाकरी तेथेच विकत घेऊन खावी.

रानपिंगळा दिसावा म्हणून त्याचा आवाज यंत्रावर वाजवून त्याला बोलावण्याची खोड काही हौशी मंडळींना असते. विणीच्या दिवसांत त्याने पक्ष्याचा जीव टांगणीला लागतो. तेव्हा यंत्र घरी ठेवावे. घुबड अशुभ, किंवा मंत्रतंत्राला उपयोगी, या समजुतीने आजही घुबडे मारली जातात. त्यावर पाड्यावर व्याख्यान देण्याआधी आपल्या शहरी घरांत तो समज किती शिल्लक आहे ते पाहावे. होळीपूर्वीच्या भोंगऱ्या बाजाराला जायचे असेल तर खुशाल जावे, परंतु नटूनथटून आलेल्या पावरा मुलींपुढे न विचारता कॅमेरे रोखणे हा वन्यप्राणी पाहण्याचाच प्रकार माणसांवर चालविणे आहे, आणि तो शिबिरार्थींकडून तरी होऊ नये.

होळीला ऊसतोडीवरची बरीच माणसे परत येतात. साग तेव्हा पूर्ण उघडा असतो, रानपिंगळा फांदीवर स्पष्ट दिसतो, आणि त्याची जागा दाखविणारा तरुणही घरी असतो. यंदाचे बेत ज्यांनी अद्याप आखले नसतील, त्यांनी त्या दिवसांचा विचार करावा. आणि ज्या पाड्यावर जायचे त्याचा सामूहिक वनहक्काचा दावा दाखल झाला आहे किंवा नाही, झाला असल्यास कोणत्या टेबलावर अडला आहे, एवढी माहिती तहसील कचेरीतून काढून बरोबर न्यावी. रात्री शेकोटीभोवती बोलावयास तो विषय पुरेसा आहे.