पोकळीत काय भरावे?

बंदराचा जुना धक्का आतून पोकळ झाला म्हणजे त्यास छिद्रे पाडून सिमेंटचा पातळ गारा दाबाने आत सोडावयाचा, ही विद्या आता सर्वत्र रूढ आहे. तिच्याशी आमचे भांडण नाही. प्रत्येक जुन्या घाटाला आणि देवळाच्या तळीला डोळे मिटून तीच मात्रा चाटविली जाते, यास मात्र आमचा ठाम विरोध आहे.

बुऱ्हाणपूरचेच पाहा. सूर्यकन्या तापीच्या काठची ही नगरी. येथील जुनी बांधकामे चुन्यात बांधलेली. नदी फुगली की काठच्या भिंतीच्या पोटात पाणी शिरते. पूर ओसरताना ते सांध्यांतला चुना व मागची माती घेऊन बाहेर पडते. पोकळी होते ती अशी. तीत सिमेंट ठासले, वर दरजाही सिमेंटने बुजविल्या, तर पुढच्या वर्षी पाण्याने जावे कोठून? ते मागे तुंबते आणि भिंतीलाच पुढे रेटते. सिमेंट ताठर, भिंत किंचित हलली तरी ते नमत नाही, शेजारची वीट फुटते. त्यातले क्षार विटेत उतरून तिचा भुगा करतात. आणि पायाखालची मातीच प्रवाहाने नेली असेल, तर वर कितीही भरा, सारे व्यर्थ!

याच नगरीत १६१५ साली, अब्दुर्रहीम खानखानाच्या काळी, कुंडी भंडारा निर्माण झाला. सातपुड्याच्या पायथ्याशी मुरलेले पाणी त्याच्या भुयारात झिरपते आणि केवळ उताराच्या बळावर नगराकडे वाहते. २०२४ साली युनेस्कोच्या संभाव्य यादीत त्याचे नाव आले. तेथे झिरपणे हाच वास्तूचा प्राण आहे. ती 'गळती' बंद करणारा झराच मारील.

चुन्याचे दिवस गेले, असे कोणी म्हणतील. सुरखी मिसळलेला चुना पाण्याखालीही घट्ट होतो, हे आपल्या गवंड्यांना पूर्वापार ठाऊक आहे. त्याचाच गारा करावा; पोकळी आधी धुवावी; सर्वांत खालच्या छिद्रापासून, कमी दाबाने, वरच्या छिद्रातून गारा दिसेपर्यंत भरावे; आणि पाणी निथळण्याच्या वाटा मोकळ्या ठेवाव्यात.

आम्ही कायद्याचे अभ्यासक. म्हणून करारपत्राकडेही बोट दाखवितो. जेथे देयक सिमेंटच्या पोत्यांवर ठरते, तेथे पोती रिचविणे हाच ठेकेदाराचा धर्म होतो. पाहणी, नमुन्याचा लहान भाग आणि पावसाळ्यानंतरची तपासणी यांवर पैसा बांधा. १९५८ चा प्राचीन स्मारकांचा कायदा संरक्षित वास्तूंपुरता आहे. बाकीच्यांचे रक्षण राज्यघटनेच्या अनुच्छेद ५१-क ने नागरिकांवर कर्तव्य म्हणून सोपविले आहे.

गोमंतक-कोकणातील आपल्या देवस्थानांच्या जांभ्याच्या तळ्यांनाही हाच न्याय लागू आहे. महाजनांनी पुढच्या ठरावावर सही करण्यापूर्वी एवढेच विचारावे: या भिंतीतले पाणी बाहेर कोठून पडणार? उत्तर मिळेपर्यंत सही देऊ नये.