वीतभर मासा, वाटीभर पाणी

परवा पुतण्याच्या वाढदिवसाला कुणीतरी पुन्हा तेच आणलं... काचेचं गोल भांडं आणि दोन गोल्डफिश! अहो, हा कार्पच्या कुळातला मासा, वीतभर वाढतो, घाणही तेवढीच करतो. भांड्यात अमोनिया साठतो नि बिचारा वाढायच्या आतच मरतो. वर आपण म्हणणार, "नाजूकच असतात हो!"

त्यापेक्षा चाळीसेक लिटरचा फिशटँक, फिल्टर, दाट पाणवनस्पती आणि ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातला स्कार्लेट बॅडिस घ्या. जेमतेम दोन सेंटिमीटरचा, अंगावर लाल पट्टे, पण ऐट काय! नर मात्र एकच ठेवा, दोन असले की भांडतात. दुकानातले दाणे सहसा खात नाही, जिवंत खाऊ लागतो. कटकट आहे, मान्य. पण दादा, गेल्या वेळच्या गोल्डफिशचं पाणी कधी बदललं होतंस, आठवतंय?