माले येस

परवा गोदीजवळच्या आमच्या वस्तीत एक साहेब आले. टाय, माईक, हसरं तोंड. 'स्पोकन इंग्लिश' फुकट शिकवणार म्हणाले. पहिला तासभर इंग्रजी नाहीच, आमच्या मनाची झडती. म्हणे तुमच्यात भावनिक बुद्धिमत्ता कमी. आरशासमोर उभे राहा, भीती काढून टाका, भाषा आपोआप येईल.

साहेब, भीती काय आम्ही दुकानातनं विकत आणली?

माझ्या भीतीची जन्मतारीख मला पाठ आहे. नंदुरबार, इयत्ता पाचवी. शाळेचं नाव कशाला, तसल्या शाळा पायलीला पन्नास. सरांनी विचारलं, "इंग्रजी येतं का रे?" मी उभा राहिलो आणि घरच्या अहिराणीत बोललो, "माले येस." मला येतं. खरंच येत होतं, अख्खा धडा तोंडपाठ. वर्ग हसून लोळला. सर म्हणाले, "इंग्रजी येतं म्हणे! आधी मराठी शिक." पुढची पाच वर्षं त्या तासाला मी तोंड उघडलं नाही. मॅट्रिकला पस्तीस मार्क. कागदावर पास, जिभेला कुलूप.

मग मुंबई, गोदी. पहिल्या दिवशी क्रेनखाली उभा. हाळी आली, 'आऱ्या!' म्हणजे खाली सोड. 'हाबेस!' म्हणजे उचल. दुपारपर्यंत दोन्ही शब्द हाडात भिनले. चुकलं तर पोलाद डोक्यावर, हे एक. दुसरं असं की शेजारचा म्हातारा गडी हसला नाही. दहादा सांगितलं त्यानं. मागाहून कळलं, 'आऱ्या' पोर्तुगीज. 'पगार' पोर्तुगीज, 'घमेलं' पोर्तुगीज. आमच्या बापजाद्यांनी परकी भाषा घाम गाळता गाळता तोंडात घातली, कुठला क्लास न लावता!

आणि माझा जिल्हा? २०११च्या जनगणनेत साक्षरतेत महाराष्ट्रात तळाला. तिथला अंगठेबहाद्दर भिल्ल ऊसतोडीला गुजरातेत जातो, आणि मुकादमाशी हिशेबावरून गुजरातीत भांडतो. घरी भिली, बाजारात अहिराणी, एस.टी.त हिंदी. चार भाषांचा धनी, आणि सरकारी वहीत अडाणी.

स्टीफन क्रॅशन नावाच्या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञानं १९८२च्या पुस्तकात मांडलं की, धास्ती वाढली की भाषा कानावर पडते पण आत उतरत नाही. कबूल. पण धास्ती घालणाऱ्याचं काय? ज्या भावनिक बुद्धिमत्तेचं साहेब कीर्तन करतात, ती १९९० साली सॅलोव्ही आणि मेयर यांनी मांडली. तिच्यात दुसऱ्याच्या भावना ओळखणंही येतं. मग घ्या की परीक्षा त्या सरांची! त्या हसणाऱ्या वर्गाची!

दुसरे ढोंगी मातृभाषेचे पोवाडे गाणारे. स्वतःची पोरं कॉन्व्हेंटात आणि आम्हाला सल्ला, इंग्रजी परकी, तिच्या नादी लागू नका. सावित्रीबाईंनी १८५४च्या 'काव्यफुले'तच इंग्रजी शिका म्हणून बजावलंय. बाबासाहेबांना शाळेत संस्कृत नाकारलं, फारसी घ्यावी लागली. तेच बाबासाहेब पुढं संस्कृत शिकले, जर्मन शिकले. आम्ही एकही भाषा सोडणार नाही.

आता आपल्याकडं वळतो, दोस्तांनो. झोंबेल.

मागच्या महिन्यात सुट्टीला गावी गेलो, तिथल्या आपल्या बैठकीत धडगावकडचा एक पावरा पोरगा उभा राहिला. वनजमिनीच्या पट्ट्याचं सांगत होता. आपली पुस्तकी मराठी त्याला परकीच, माझ्या इंग्रजीइतकी. "माझा जमीन" म्हणाला. आपण हसलो. समतेच्या घोषणा देऊन घसा बसलेले आपण, आणि हसलो! मीही हसलो. मी, माले येसवाला. तो खाली बसला. पट्ट्याचं बोलणं अर्ध्यावर राहिलं. पुढच्या बैठकीला तो आलाच नाही, असं कळलं. त्याचे कागद कुठल्या कचेरीत अडलेत, आपल्यातल्या एकालाही ठाऊक नाही.

शनिवारच्या गाडीनं मी नंदुरबारला निघतोय, पुढं एस.टी.नं धडगाव. कुणाला पावरी येत असेल तर तोवर चार वाक्यं शिकवा. माझी चुकतीलच. त्याला हसायचं तर हसू दे.