संज्ञा हाती, संहिता दूर

पदव्युत्तर मराठीच्या वर्गात ‘पाश्चात्त्य साहित्यशास्त्र’ म्हटले की आरंभ अ‍ॅरिस्टॉटलपासून होतो. जालना जिल्ह्यात भोकरदन वा अंबडकडून येणारा विद्यार्थी अनुकृती, विरेचन, शोकात्म दोष या संज्ञा व्याख्यांसह पाठ करतो. सोफोक्लीसचे एकही नाटक अनुवादातसुद्धा न वाचता तो उत्तीर्ण होऊ शकतो. याला अध्ययन म्हणणे ही त्या शब्दाची विटंबना आहे.

‘विरेचन’ हीच संज्ञा पाहावी. हा शब्द आयुर्वेदाच्या पंचकर्मांतला. ‘काथार्सिस’चा तो निर्विवाद पर्याय नव्हे, एका दीर्घ वादातील एका पक्षाची ती बाजू आहे. याकोब बेर्नाइसने १८५७ मध्ये वैद्यकीय अर्थ आग्रहाने मांडला. शुद्धीकरण वा उद्बोध मानणारे पक्षही आहेत. शोकात्मिकेच्या व्याख्येत हा शब्द एकदाच येतो आणि उपलब्ध ‘काव्यशास्त्रा’त त्याचे विवरण नाही. मूळ ग्रंथात जो प्रश्न अनिर्णित राहिला त्याचे उत्तर विद्यार्थी लिहून मोकळा होतो. मुळात प्रश्न होता, हेही त्याला ठाऊक नसते.

‘हामार्तिया’ची गत निराळी नाही. त्यामागील क्रियापद होमरच्या काव्यात भाल्याचा नेम चुकण्यासाठी येते. नायकाचा पात दुष्टपणामुळे होत नाही, असे तेराव्या प्रकरणात अ‍ॅरिस्टॉटल बजावतो. तिवाठ्यावर आपण कोणाला मारले, हे इडिपसला ठाऊक नव्हते. या अज्ञानाला ‘स्वभावदोष’ म्हटले की शोकात्मिकेची नीतिकथा होते आणि तोच साचा पुढे मराठी नाटकांवर बसवला जातो.

ग्रीक शिकवणारा जालन्यात कोठून आणावा, हा आक्षेप रास्त आहे. परंतु तो आळसाचे समर्थन होऊ शकत नाही. ग्रीक लिपीची अक्षरे अवघी २४. संस्कृत जाणणाऱ्यास द्विवचन वा आत्मनेपदासारखी रूपे तेथेही भेटतात. ‘केंद्र’ आणि ‘होरा’ हे शब्द तर ग्रीकमधूनच संस्कृतात आले. शेजारच्या पैठणचा उल्लेख इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात आहे. ‘काव्यशास्त्रा’चा विंदा करंदीकरकृत मराठी अनुवाद १९५७ मध्येच प्रसिद्ध झाला.

तेव्हा आधी एक नाटक सबंध वाचावे, मग संज्ञेकडे वळावे. वादग्रस्त शब्द मूळ रूपात ठेवून वादच शिकवावा. एवढेही जड वाटत असेल, तर अ‍ॅरिस्टॉटलला अभ्यासक्रमातून निरोप देणे अधिक प्रामाणिकपणाचे ठरेल.