अर्ध्या तासाचा हिशेब

सोलापूर आणि छत्रपती संभाजीनगर या दोन विमानतळांमधले हवाई अंतर सुमारे २५० किलोमीटर. नकाशावर सरळ रेघ ओढली तर ती धाराशिव जिल्ह्यातल्या येरमाळ्याच्या जवळून जाते. पंख्याचे एटीआर विमान ताशी पाचशे किलोमीटरच्या आसपास उडते. म्हणजे अर्ध्या तासात प्रवास व्हावा. पण या मार्गावर थेट विमान नाही. विमानानेच जायचे म्हटले तर मुंबईसारख्या ठिकाणी उतरून दुसरे विमान धरावे लागते, आणि त्यात दिवस जातो. येरमाळ्याच्या फाट्यावरून एसटी मात्र दोन्हीकडे जाते.

हवाई अंतराला वेगाने भागून निघालेला वेळ फसवा असतो. धावपट्टीपर्यंत जाणे, उंची गाठणे, खाली उतरणे यांना लागणारी मिनिटे अंतर कमी झाले म्हणून कमी होत नाहीत. दिल्लीच्या प्रवासात ती विरून जातात. जवळच्या प्रवासात तीच अर्धा वेळ खातात. धाराशिव आणि लातूरच्या धावपट्ट्यांमधले हवाई अंतर तर पन्नास किलोमीटरहूनही कमी आहे. या दोन्ही धावपट्ट्या बांधून वर्षे झाली, २००९ मध्ये एमआयडीसीने त्या दीर्घ मुदतीच्या कराराने खासगी कंपनीकडे सोपवल्या, तरी आज तिथून नियमित प्रवासी विमान उडत नाही. एवढ्या जवळच्या दोन ठिकाणी पुरेसे प्रवासी वेगवेगळे मिळणार कुठून? तरीही प्रत्येक निवडणुकीत जिल्ह्याजिल्ह्याला स्वतंत्र विमानसेवेचे आश्वासन मिळते. आम्हाला ही मागणीच चुकीची वाटते.

सोलापूरचे उदाहरण वेगळे आहे. विमानांच्या वाटेत येणाऱ्या साखर कारखान्याच्या चिमणीचा वाद, २०२३ मध्ये ती पाडणे, मग नवी इमारत, असा लांबचा रस्ता चालून जून २०२५ मध्ये गोव्याचे आणि ऑक्टोबरमध्ये मुंबईचे विमान सुरू झाले. त्याचे स्वागतच आहे. मुंबईच्या मोठ्या रुग्णालयात तारीख मिळालेल्या कळंब-वाशीकडच्या रुग्णाला रात्रभर गाडीत अवघडून बसण्यापेक्षा तासाभराचे उड्डाण खरोखर सुसह्य आहे. पण त्याचा तास येरमाळ्यात सुरू होत नाही. आधी येडशी, धाराशिव, तुळजापूर करत सोलापूरपर्यंतचे शंभरेक किलोमीटर, मग गावातून होटगी रस्त्याला दुसरे वाहन, उड्डाणाआधी तासभर तरी हजेरी. उड्डाणाच्या एका तासामागे चार तास जमिनीवर जातात. विमानाच्या वेळेशी मेळ असलेली बस नसेल तर खासगी गाडीचे भाडे तिकिटाच्या जोडीला उभे राहते, आणि मग हे विमान फक्त सोलापूर शहराचे उरते.

चैत्री पौर्णिमेला येरमाळ्याच्या येडेश्वरी देवीच्या यात्रेसाठी एसटी महामंडळ जादा गाड्या सोडते. गर्दीची वेळ ओळखून गाडी लावण्याची सवय त्याला आहेच. तीच सवय इथे वापरावी. कळंबहून येरमाळा, धाराशिव, तुळजापूरमार्गे थेट सोलापूर विमानतळापर्यंत जाणारी आणि विमान उतरल्यावर परत फिरणारी एक गाडी महामंडळाने सुरू करावी. तिच्या वेळा विमानाच्या वेळापत्रकासोबतच जाहीर कराव्यात. त्याला नवी धावपट्टी लागत नाही आणि भूसंपादनही लागत नाही. जिल्ह्याच्या लोकप्रतिनिधींनी नव्या विमानतळाच्या आधी ही गाडी मागावी.